तपासणीच्या खोलीतला न्यूटन: एका पेन-संगणकाचे प्रकरण

ॲपलचा न्यूटन मेसेजपॅड ऑगस्ट १९९३ मध्ये ६९९ डॉलरला विक्रीला आला. अमेरिकेतल्या छोट्या दवाखान्यांना तो आपल्यासाठीच बनवला आहे असे वाटले तर नवल नाही. डॉक्टर उभ्याने काम करतात, दिवसभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, हातात पेन असतेच. आणि टेबलावरच्या संगणकाकडे तोंड केले की रोग्याकडे पाठ होते. वहीसारखा हातात धरायचा, पेनाने लिहायचा आणि लिहिलेले टाइप करून देणारा संगणक याहून सोयीचा काय असणार?

हे प्रकरण कोण्या एका दवाखान्याचे नाही. दोन-तीन डॉक्टर, एक नर्स, रिसेप्शनवर एकजण आणि मागच्या खोलीत बिलिंग पाहणारी कारकून, अशी नेहमीची फॅमिली प्रॅक्टिस समोर ठेवली आहे. तिथे मेसेजपॅड आणला की रोग्याच्या एका भेटीचे काय होते, ते यंत्राची घडण आणि त्या काळी झालेले प्रयोग यांवरून पाहू.

भेट एक, कागद तीन

मधुमेह आणि रक्तदाब असलेला एक रोगी नेहमीच्या तपासणीला आला आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या या भेटीतून तीन कागद निघतात. पहिला केसपेपरवरची नोंद: तक्रार, तपासणीत काय आढळले, निदान, पुढचा बेत. दुसरा औषधांची चिठ्ठी. तिसरा सुपरबिल, म्हणजे निदाने आणि सेवा यांचे कोड आधीच छापलेला एक पानी फॉर्म, ज्यावर डॉक्टर फक्त खुणा करतात. या रोग्यासाठी आयसीडी-९-सीएम या तेव्हाच्या रोगसूचीतले २५०.०० (मधुमेह) आणि ४०१.९ (रक्तदाब) हे निदानाचे कोड आणि भेटीसाठी सीपीटी या वैद्यकीय सेवांच्या सूचीतला ९९२१३. बिलिंगची कारकून त्यावरून एचसीएफए-१५०० हा दाव्याचा फॉर्म भरते आणि मग विमा कंपनीकडून पैसे येतात.

त्यात १९९५ मध्ये भेटीच्या कोडसाठी नोंदी कशा असाव्यात याचे सरकारी नियम आले. १९९७ मध्ये ते आणखी तपशीलवार झाले. वरच्या श्रेणीचा कोड लावायचा तर किती प्रश्न विचारले, कोणकोणती इंद्रिये तपासली, हे केसपेपरवर दिसायला हवे. डॉक्टरांचे लिहिणे वाढले. पेन-संगणक विकणाऱ्यांना हा मुद्दा आयताच मिळाला.

यंत्राचा आधीचा इतिहास, थोडक्यात

मेसेजपॅडच्या आधी १९८९ मध्ये ग्रिड सिस्टिम्सने ग्रिडपॅड हा पेन-संगणक काढला होता. एमएस-डॉसवर चालणारा, दोन किलोच्या आसपास वजनाचा, सॉफ्टवेअर सोडून २३७० डॉलरचा. तो डाव्या हातावर तोलून दिवसभरात पंचवीस रोगी तपासणे अवघडच. पण त्याच्या कर्त्याने, जेफ हॉकिन्सने, एक गोष्ट नीट ठरवली होती: माणूस मोकळे लिहिणार नाही, फॉर्म भरेल, आणि लिहिलेच तर सुटी अक्षरे, एकेका चौकटीत. गोदामातली मोजणी करणारे आणि माल पोचवणारे यांना ते पुरले. मेसेजपॅड ४०० ग्रॅमच्या आसपास आला, म्हणजे वजनाचा प्रश्न सुटला. पण सोबत त्याने एक मोठे वचनही दिले: तुमच्या नेहमीच्या अक्षरात, जोडून, कसेही लिहा. दवाखान्यातली सगळी अडचण या वचनापासून सुरू होते.

लिहून पाहिल्यावर

मेसेजपॅडच्या पहिल्या पिढीत पॅराग्राफ इंटरनॅशनल या मूळच्या रशियन कंपनीचा कॅलिग्राफर हा ओळख-कार्यक्रम, म्हणजे हस्ताक्षर ओळखणारा प्रोग्राम, होता. तो पूर्ण शब्द घेऊन शब्दकोशाशी ताडून पाहायचा. यंत्रातल्या शब्दकोशात रोजच्या वापरातले सुमारे दहा हजार इंग्रजी शब्द होते. ‘पेशंट फील्स बेटर’ हे त्यात बसते. ‘लॅसिक्स ४० एमजी बीआयडी’ ही औषधाची ओळ बसत नाही.

या एका ओळीकडे जवळून पाहू. बीआयडी म्हणजे दिवसातून दोनदा. त्याची रोमन अक्षरे जोडली की ‘बिड’ हा चालू इंग्रजी शब्द होतो, म्हणून तो कोशात सापडायचा. दिवसातून तीनदा म्हणजे टीआयडी आणि चारदा म्हणजे क्यूआयडी. हे इंग्रजी शब्दच नाहीत. शब्द कोशात नसला की कार्यक्रम त्याच्या आकाराशी जवळचा, कोशात असलेला दुसरा शब्द काढून देतो. औषधांच्या नावांचे तेच. वापरणाऱ्याला आपले शब्द कोशात घालता येत, आणि डॉक्टरांनी ते घालावेत असे सांगितले जाई. पण दोनशे औषधांची नावे घातली की नवा प्रश्न उभा राहतो: आता कोशातच एकमेकांसारखी दिसणारी नावे आहेत. ओमेप्राझोलचे अमेरिकेतले लोसेक हे नाव लॅसिक्सशी गोंधळ होतो म्हणून १९९० मध्ये बदलून प्रायलोसेक करावे लागले होते, तेही माणसे वाचत होती तेव्हा.

यातला खरा धोका चुकांच्या संख्येत नाही, चूक कशी दिसते त्यात आहे. कागदावरचे वाईट अक्षर वाईट दिसते. औषधविक्रेत्याला शंका येते, तो फोन करतो. तसा फोन करायला तरी हवा. टेक्ससमध्ये १९९५ साली आयसॉर्डिलची चिठ्ठी प्लेंडिल म्हणून वाचली गेली, रोगी दगावला, आणि १९९९ मध्ये ज्यूरीने डॉक्टर आणि औषधविक्रेता या दोघांनाही जबाबदार धरले. तिथे निदान शंकेला जागा होती. ओळख-कार्यक्रम शब्द चुकवतो तेव्हा तो स्वच्छ, सुबक टाइपात चुकवतो, आणि शंकेची खूण पुसून टाकतो. पुढे वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही.

आकडेही बघा. नोंद ६० शब्दांची आणि प्रत्येक शब्द बरोबर येण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर सरासरी तीन शब्द चुकतात, आणि साठही शब्द बरोबर येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. अचूकता ९८ टक्क्यांवर नेली तरी निर्दोष नोंद दहातून तीनदाच. दिवसाला २५ रोगी म्हणजे ९५ टक्क्यांच्या हिशेबाने ७५ दुरुस्त्या. एक दुरुस्ती म्हणजे चुकलेल्या शब्दावर दोनदा टिचकी मारायची, पर्यायांची यादी उघडते, त्यात हवा तो शब्द असला तर निवडायचा. नसला तर पडद्यावरचा कळफलक उघडून एकेक अक्षर टिपायचे. कागदावर यातले काहीच करावे लागत नाही. शिवाय दुरुस्तीसाठी आधी चूक दिसावी लागते, म्हणजे प्रत्येक नोंद पुन्हा वाचणे आले. आठवड्याभरात डॉक्टर वाचायचे सोडून देतात. तिथून पुढे नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही.

दशांशचिन्ह हा वेगळा विषय. मेसेजपॅडचा पडदा दाबाने चालणारा. पेनाचा अगदी हलका, क्षणभराचा स्पर्श कधी नोंदला जातो, कधी नाही. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या गोळ्या ०.१२५ आणि ०.२५ मिलिग्रॅमच्या. टिंब हरवले तर काय होईल हे सांगायला नको. मात्रेच्या रकान्यात हाताने आकडा लिहू देणारा फॉर्म म्हणून पहिल्याच दिवशी बाद करायला हवा.

न्यूटनच्या पुढच्या आवृत्त्यांत बरीच सुधारणा झाली. १९९६ च्या मेसेजपॅड १३० वर असलेल्या न्यूटन ओएस २.० या कार्यप्रणालीत सुट्या छापील अक्षरांसाठी ॲपलने स्वतः तयार केलेला नवा ओळख-कार्यक्रम होता, आणि तो खरोखर चांगला होता. शिवाय लिहिलेले जसेच्या तसे शाईत ठेवून मजकुरासारखे ओळीत बसवता येऊ लागले. पण तोवर न्यूटनच्या अक्षरओळखीची वर्तमानपत्रांच्या व्यंगचित्रांत आणि टीव्हीवर थट्टा होऊन गेली होती. एकदा हसून बाजूला ठेवलेले यंत्र डॉक्टर पुन्हा हातात घेत नाहीत.

लिहिणे काढून टाकले की

याच वर्षांत स्टॅनफर्डमध्ये पेन-आयव्हरी नावाचा प्रयोग चालू होता. अॅलेक्स पून आणि लॅरी फेगन यांनी त्यावर १९९४ मध्ये निबंध वाचला. पुढे १९९६ मध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांच्यासह सविस्तर लेख आला. त्यांनी हस्ताक्षर ओळखण्याचा नादच सोडला. पडद्यावर ठरावीक वैद्यकीय शब्दांचा फॉर्म. पेनाने करायच्या खुणा दोन-तीनच: गोल, रेघ, खोडणे. लक्षणावर गोल करायचा, बाजूच्या पट्टीतून तीव्रता किंवा कालावधी जोडायचा, आणि कार्यक्रम त्यातून साध्या इंग्रजी वाक्यांत नोंद तयार करून देणार.

त्यांनी मांडणीचे पर्याय एकमेकांसमोर ठेवून कोणत्या पद्धतीने काम लवकर होते ते मोजले. उत्तरे वाचण्यासारखी आहेत. सरकवत न्यायच्या लांबलचक फॉर्मपेक्षा पान उलटायचा फॉर्म वेगवान ठरला. गरजेपुरती उगवणाऱ्या पट्टीपेक्षा कायम एका जागी असणारी पट्टी वेगवान ठरली. आणि त्या वेळी लागू पडणारीच विशेषणे दाखवण्यापेक्षा सगळी विशेषणे कायम समोर ठेवणे वेगवान ठरले.

तिसरा निष्कर्ष सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या पचनी सहज पडत नाही, कारण नको ते पर्याय लपवणे हीच त्यांना हुशारी वाटते. पण तपासणीच्या खोलीत हात शिकतो, डोळा नव्हे. ‘तीव्र’ हा शब्द नेहमी उजवीकडे वरून तिसरा असला, तर आठवड्याभरात हात न बघता तिथे जातो. यादी दर वेळी बदलली की दर वेळी वाचावी लागते. छापील सुपरबिलवरही डॉक्टर कोड वाचत नाहीत, जागा ओळखतात.

मेसेजपॅडवर हे करायचे तर हिशेब असा. पडदा ३३६ गुणिले २४० ठिपक्यांचा. पेनाने चुकू नये म्हणून एका ओळीला १६ ठिपके उंची द्यावी. शीर्षक आणि बटणे सोडून पानावर १६ ते १८ ओळी बसतात. सुपरबिलवर शंभर कोड असतील तर सहा पाने. ते वर्णानुक्रमाने लावू नयेत. रोज लागणारे पहिल्या पानावर, आणि कागदी सुपरबिलवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. औषधांसाठी तीन टिचक्यांची साखळी: नाव, त्या औषधाच्या बाजारात मिळणाऱ्या मात्रा, दिवसातून किती वेळा. डिगॉक्सिन निवडले की ०.१२५ आणि ०.२५ एवढेच दिसावे. रकाना रिकामा नसावा. सुरुवातीला ८० ते १०० औषधे पुरतात. बाकीची चिठ्ठी कागदावर. मोकळ्या मजकुरासाठी शेवटी एकच चौकट, तीही ओळख बंद ठेवून, शाईत. ओळख चालू ठेवायचा मोह होतो, तो टाळावा.

असा फॉर्म न्यूटन टूलकिटमध्ये न्यूटनस्क्रिप्ट भाषेत बांधावा लागे. दोन डॉक्टरांचे एकमत होईपर्यंत कोडच्या क्रमावर जेवढा वेळ जातो, तेवढा प्रोग्राम लिहिण्यात जात नाही. पहिला महिना कागद आणि यंत्र दोन्ही चालवावे लागणार, हे सगळ्यांना आधीच सांगितलेले बरे.

शेवटचे दहा फूट

भेटीची नोंद यंत्रात आली. ती केसपेपरवर आणि बिलिंगमध्ये जाणार कशी? सगळे गाडे इथे अडते, आणि विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकात नेमके हेच दाखवले जात नसे.

मेसेजपॅडमधून माहिती बाहेर काढायचे मार्ग होते: मालिका तारेने (सिरियल केबलने) छपाईयंत्र, कनेक्शन किटने मॅक किंवा पीसी, मोडेम लावून फॅक्स, आणि मीटरभर अंतरावरून इन्फ्रारेडने दुसरा न्यूटन. छोट्या दवाखान्यातली बिलिंग प्रणाली बहुधा डॉसवर किंवा युनिक्सवर, मागच्या खोलीत. वैद्यकीय प्रणालींनी आपसांत बोलायचे एचएल७ हे मानक १९८७ पासून तयार होत होते, पण ते मोठ्या रुग्णालयांच्या प्रणालींसाठी. तीन डॉक्टरांच्या बिलिंग पॅकेजला त्याचा पत्ता नसे. परिणाम: डॉक्टर यंत्रात खुणा करणार, संध्याकाळी ते छापले जाणार, आणि कारकून तो कागद समोर ठेवून पुन्हा टाइप करणार. पूर्वी ती सुपरबिलवरून टाइप करत होती. वाचले काहीच नाही, मध्ये एक यंत्र वाढले.

थोडे सुसह्य करायचे तर बिलिंग पॅकेजमध्ये स्वल्पविरामाने तोडलेली फाइल आत घ्यायची सोय आहे का, हे मेसेजपॅड विकत घेण्याआधी तपासावे. असेल तर दिवसाच्या भेटींची फाइल एकदम टाकता येते. त्यात रोगी नावाने ओळखू नये. दवाखान्याच्या केसपेपर क्रमांकाने आणि भेटीच्या तारखेने ओळखावा. नाव हाताने लिहिले गेले की एकाच माणसाची तीन खाती तयार होतात. आणि एकच रोगी सकाळी एका डॉक्टरकडे, दुपारी दुसऱ्याकडे गेला, तर दोन यंत्रांतल्या नोंदी एकमेकींवर चढू नयेत म्हणून कोणते यंत्र, हेही प्रत्येक नोंदीत जावे.

हाताळताना

मेसेजपॅड साधारण १८ सेंटिमीटर लांब आणि ११ रुंद. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या खालच्या खिशात जातो, वरच्यात नाही. पडद्यामागे दिवा नव्हता. तो १९९६ च्या १३० मध्ये आला. डोळे तपासायला खोलीतला उजेड कमी केला की पडदा वाचता येत नसे. डॉक्टरांच्या खिशात तीन बॉलपेने असतात आणि घाईत चुकीचे पेन पडद्यावर टेकते. चरा पडला की त्या जागी खूण नीट उमटत नाही. पेन आणि पडद्यावरचा ठसा यांत फरक पडू लागला की सेटिंगमध्ये जाऊन जुळवणी पुन्हा करायची. शेजारच्या ओळीवर खूण जाऊ लागली, तर आधी हेच पाहावे.

पहिल्या मेसेजपॅडला चार बारीक एएए सेल लागत, आणि मोडेम कार्ड लावले की ते भराभर उतरत. आत एक बटणासारखा लिथियम सेलही असे, मुख्य सेल बदलताना स्मृती जिवंत ठेवण्यासाठी. दोन्ही एकाच वेळी काढू नयेत. स्मृती एकूण ६४० किलोबाइट, आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग. शाईतली नोंद टाइप मजकुरापेक्षा कितीतरी जास्त जागा खाते, म्हणून जोडकार्डांसाठीच्या पीसीएमसीआयए खाचेत स्मृती-कार्ड घालावेच लागे. पण खाच एकच. कार्ड आत असले की मोडेम बाहेर, मोडेम आत की कार्ड बाहेर. ही अदलाबदल रोज संध्याकाळी ठरलेल्या एकाच माणसाने करावी. सगळ्यांचे काम ते कुणाचेच नाही. दोन खाचा १९९७ च्या मेसेजपॅड २००० मध्ये आल्या.

राजस्थानातला फॉर्म

ॲपलच्या लोकांनी न्यूटन भारतातही नेला होता. सॅली ग्राइसडेल, माइक ग्रेव्हज आणि अलेक्झांडर ग्रुनस्टाइडल यांनी १९९७ मध्ये त्यावर निबंध वाचला. वापरणाऱ्या होत्या राजस्थानातल्या एएनएम, म्हणजे गावोगाव फिरून लसीकरण, गरोदर बायकांच्या तपासण्या आणि कुटुंबांच्या नोंदी जाड रजिस्टरांत ठेवणाऱ्या परिचारिका. आपल्याकडच्या उपकेंद्रातल्या एएनएमचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रजिस्टरे माहीत असतील. इथे हिंदी हस्ताक्षर ओळखायचा प्रश्नच नव्हता. रचना फॉर्म आणि चित्रांवर उभी होती. अमेरिकेत दहा हजार शब्दांच्या कोशाशी झगडून जे कळले, ते इथे कोशच नसल्यामुळे पहिल्या दिवसापासून गृहीत होते.

खिशात शेवटी काय राहिले

मार्च १९९६ मध्ये पाम पायलट आला, त्याच जेफ हॉकिन्सचा. १६० ग्रॅम, दोन एएए सेल, १६० गुणिले १६० ठिपक्यांचा पडदा, स्वस्त नमुना २९९ डॉलरला. अक्षरओळखीचे वचन त्याने उलटे केले: यंत्र तुमचे अक्षर शिकणार नाही, तुम्ही ग्राफिटी या त्याच्या सोप्या लिपीची ठरावीक वळणे शिकायची. आणि स्टँडवर ठेवून एक बटण दाबले की पीसीशी माहिती जुळते. शेवटच्या दहा फुटांवर इतका विचार न्यूटनमध्ये झाला नव्हता.

तरीही डॉक्टरांनी पाम उचलला तो नोंदी लिहायला नव्हे. इपोक्रेटिस या कंपनीने १९९९ मध्ये औषधांचा संदर्भ पामवर फुकट दिला. नावाची दोन-तीन अक्षरे लिहायची आणि मात्रा, दुष्परिणाम, दुसऱ्या औषधाशी होणारा संघर्ष वाचायचा. बोस्टनमध्ये कॉन्स्टेलेशन प्रकल्पात शिकाऊ डॉक्टरांना संदर्भग्रंथ भरलेले न्यूटन देऊन हे आधी करून पाहिले होते. त्याचा अहवाल १९९५ चा. वाचायला हातातले यंत्र तेव्हाही चालत होते. केसपेपर मात्र कागदावरच राहिला.

ॲपलने २७ फेब्रुवारी १९९८ ला न्यूटन बंद केला. ज्या दवाखान्याने आपले फॉर्म न्यूटनस्क्रिप्टमध्ये बांधले होते, त्याच्यापुढे दोन कामे उरतात. फॉर्म दुसरीकडे चालत नाहीत, ते सोडून द्यायचे. नोंदी मात्र काढाव्या लागतात, कारण केसपेपर टाकून देता येत नाही. टिचकीने भरलेले रकाने मजकूर म्हणून सरळ बाहेर येतात. शाईतल्या चौकटी येत नाहीत. त्या एकेक छापून कागदी केसपेपरला जोडाव्या लागतात, आणि प्रत्येक छापलेल्या पानावर केसपेपर क्रमांक आणि भेटीची तारीख आली आहे का हे पाहावे लागते. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नव्हते. न्यूटन १ जानेवारी १९९३ पासूनचे सेकंद मोजतो आणि त्याच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ५ जानेवारी २०१० ला भरली. दुरुस्ती घातली नसेल तर त्यानंतर तारखांवर विसंबता येत नाही.